नावासकट बोल

विशाखाताई,

जय भीम. इथं मला हे फक्त कागदावरच म्हणता येतं.

आपल्या समाजातल्या शिक्षकांसाठी तू एम.एड.ला नवा कोर्स घेतेस. पहिल्या तासाला प्रत्येकानं उभं राहून पूर्ण नाव सांगायचं आणि शाळेत काय सोसलं ते बोलायचं. मला म्हणालीस, "प्रित्या, सातवीत शाळा का सोडलीस ते रेकॉर्ड करून पाठव, वर्गात ऐकवते. नावासकट बोल."

त्यात काय एवढं. घाटकोपरच्या शाळेत बाईंनी स्कॉलरशिपवाल्यांना उभं केलं, 'सरकारी जावई' म्हणाल्या, पोरं हसली. मी दप्तर तिथंच ठेवून निघालो.

पण मस्कतच्या या खोलीत आम्ही सहा मराठी पोरं एकाच टोपातलं जेवतो. पहिल्या दिवशी भोसलेनं आडनाव विचारलं आणि मी पाटील सांगून बसलो. पासपोर्ट कंपनीकडे असतो, बघणार कोण? आता शुक्रवारी सगळ्यांचं जेवण मीच करतो. अजून चौदा महिने काढायचेत. रेकॉर्ड करायला तीनदा गच्चीवर गेलो. 'मी प्रितम' म्हणेपर्यंत कोणीतरी कपडे वाळत घालायला यायचं.

तुला खोटंच कळवलं, माईक बिघडलाय म्हणून.

आत्ता भोसले विचारतोय, "कुणाला लिवतोस रं पाटला?" म्हटलं, बहिणीला. "मग ताईस्नी आमचाबी नमस्कार सांग."

त्यानं मनापासून सांगितलाय, म्हणून लिहिला. पण हे तू वर्गात वाचून दाखवशील, ताई, नावासकट. म्हणून पाठवत नाही.

तुझा,
प्रितम