लेकीच्या मापाची रायफल

अप्पा,

तुमच्या नातीने हरीण मारलं. एका गोळीत. तुम्ही तिला कधी पाहिलं नाहीत, तिनेही तुम्हाला फक्त आमच्या हॉलमधल्या फोटोत पाहिलं आहे, शर्टाचं गळ्यापाशीचं बटणसुद्धा लावून ताठ बसलेले. ही बातमी ऐकून आई असती तर म्हणाली असती, "पोरीला कशाला गं असले उद्योग?" तुम्ही मात्र एकच प्रश्न विचाराल, तो मला इथे बसून ऐकू येतोय: "काडतूस कुठलं?" याचं उत्तर द्यायला मला तीन आठवडे आणि एक मोठी चूक लागली, आणि त्या चुकीत तुमचाही हात आहे, म्हणून हे सगळं तुम्हालाच सांगायला हवं.

आम्ही ट्रॉयला राहतो, डेट्रॉइटच्या शेजारी. मी गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मापं तपासते, म्हणजे तुमचंच काम, फक्त एसीत आणि कॉम्प्युटरसमोर. इथे नोव्हेंबरच्या मध्यावर हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो आणि त्या दिवशी आमच्या वर्कशॉपमध्ये चिटपाखरू नसतं. बॉसही नसतो, त्यामुळे कुणी कुणाला रागवत नाही. टूलरूममध्ये एक म्हातारबुवा आहेत, चाळीस वर्षं लेथवर काढलेले, निवृत्त व्हायचं दर वर्षी विसरणारे. उत्तरेला तीन तासांवर त्यांची थोडी जमीन आणि एक लाकडी खोली आहे. दोन हजार पाच साली, उन्हाळ्याच्या सुट्टीत, तुमची नात माझ्याबरोबर ऑफिसला आली होती आणि दिवसभर त्यांच्या लेथपाशी उभी राहिली. त्यांनी तिला हरणांचे फोटो दाखवले. संध्याकाळी गाडीत ती म्हणाली, "आई, कॅन आय गो विथ हिम धिस इयर? देअर इज अ सेफ्टी क्लास अँड एव्हरीथिंग."

तुम्हाला कळावं म्हणून सांगते, ही पोर काही मागत नाही. चौदा वर्षांत तिने व्हायोलिन सोडलं, पोहणं सोडलं, कथ्थक तर दोन महिन्यांत सोडलं, पण ते सगळं आम्ही तिच्या गळ्यात बांधलेलं होतं. स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. "आपल्यात कुणी करतं का हे, यार?" असं तिचे बाबा म्हणाले. ते पुण्याचे, शुद्ध शाकाहारी, आणि चर्चेत नेहमी हरणारे. पोरीने क्लास केला, परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क आणले, आणि रायफल घ्यायची वेळ आली तेव्हा मी म्हणाले, "ते माझ्यावर सोडा. माझ्या वडिलांनी तीस वर्षं काडतुसं मापली आहेत." छाती फुगवून म्हणाले, अप्पा. आता हसू नका.

खंडेनवमीचा तो दिवस मला अजून दिसतो. मी अकरा वर्षांची आहे. दारूगोळ्याच्या कारखान्यात एरवी आम्हाला फाटकाच्या आत पाऊल टाकायची मुभा नाही, पण आज यंत्रांची पूजा आहे, म्हणून कामगारांची बायकामुलं आत आली आहेत. प्रेसला झेंडूच्या माळा, तेलाच्या कॅनला हळदकुंकू. तुमच्या टेबलावर काडतुसांच्या पितळी रिकाम्या पुंगळ्यांचा ढीग आणि मधोमध तुमचं गेज, पोलादाचा भोक पाडलेला ठोकळा. पुंगळी त्यात टाकायची, उतरली तर चांगली, नाही तर बाद. तुम्ही एक पुंगळी माझ्या हातात देता. मी टाकते, ती अर्ध्यावर अडकते, आणि मी अंगठ्याने दाबायला जाते. "बळ लावायचं नाही!" तुम्ही इतक्या जोरात ओरडता की शेजारच्या टेबलावरचे काका नारळ फोडायचे थांबतात. "स्वतःच्या वजनाने उतरली पाहिजे. बळ लावलंस की गेज खोटं बोलतं." मी रडते. मग तुम्ही मला फाटकाबाहेर नेऊन गोळीवाली सोड्याची बाटली पाजता आणि सांगता की इथे अडकलेली पुंगळी कारखान्यात कुणाला लागत नाही, पण तीच सीमेवर कुणाच्या बंदुकीत अडकली तर तो पोरगा घरी येत नाही. तुम्ही स्वतः आयुष्यात एकदाही बंदूक उडवली नाहीत. मी विचारलं होतं. "ते आपलं काम नाही," म्हणालात. "आपलं काम ती अडकू नये एवढंच." तुमच्या हातांना कायम पितळेचा वास यायचा. कितीही घासून धुतलेत तरी जायचा नाही. भाकरी कुस्करून मला घास द्यायचात तेव्हा मी नाक मुरडायचे.

पण हे गेज तुमचं फक्त पितळेसाठी होतं, हेही आज सांगून टाकते. पोटच्या पोरीच्या मापाचं काय? जूनमध्ये शाळेचे बूट घ्यायला बाजारात गेलो की तुम्ही दुकानदाराला सांगायचात, "दोन नंबर मोठे द्या, वाढतं अंग आहे." पुढे कापूस कोंबून मी वर्षभर फटक फटक चालायचे, आणि बूट पायाला येईपर्यंत त्यांचा तळ गेलेला असायचा. गणवेश तसाच, रेनकोट तसाच. सातवीत पहिली आले म्हणून सायकल दिलीत, ती चोवीस इंची. पाय पोचत नव्हते म्हणून दांड्याखालून पाय घालून शिकले, तीनदा पडले आणि पुढे दोन वर्षं तिला हात लावला नाही. तुम्हाला वाटलं मला सायकलची आवड नाही. मला सायकल फार आवडायची, अप्पा. मला ती सायकल आवडत नव्हती.

आणि इतकं सोसूनही मी काय केलं असेल? आधी एक्सेल शीट केली. कुठल्या कॅलिबरची गोळी किती जड, किती लांबवर किती खाली येते, काडतुसं कुठेही मिळतात का, सगळे रकाने. ही मापं इंचाच्या भागांत असतात, थर्टी-ऑट-सिक्स, थर्टी-थर्टी, टू-फॉर्टी-थ्री, थ्री-ओ-एट. थ्री-ओ-एटपाशी आले आणि हात थांबला. तुमच्या टेबलावरचं सात पॉइंट बासष्ट मिलिमीटरचं काडतूस म्हणजे जवळजवळ हेच. ('जवळजवळ' गेजला कळत नाही, असं तुम्ही म्हणाला असतात. खरं आहे, थोडा फरक आहे, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तो दिसला नाही.) ती ओळ मी ठळक केली आणि बाकी रकाने पाहायचे सोडून दिले. दुकानदाराने विचारलं, मुलगी किती वर्षांची, आधी कधी बंदूक हाताळली आहे का, लहान दस्त्याची दाखवू का. आणि अप्पा, माझ्या तोंडून शुद्ध इंग्रजीत तुमचं वाक्य बाहेर पडलं: नको, वाढतं अंग आहे.

नेमबाजीच्या रेंजवर पहिल्या दिवशी तिने ती उचलली तेव्हा दस्ता काखेच्या बाहेर चालला होता. पहिली गोळी सुटली, खांद्याला लाथ बसली, पोर दोन पावलं मागे आली आणि हसली. दुसऱ्यांदा हसली नाही. पाचव्या गोळीनंतर तिने रायफल टेबलावर ठेवली. घरी गेल्यावर पाहिलं तर खांद्यावर हाताच्या पंजाएवढा काळानिळा डाग. मी म्हणाले, सवय होईल. पुढच्या आठवड्यात खांद्यावर टॉवेलची घडी ठेवून तिला पुन्हा उभी केली. सगळ्या गोळ्या मातीत. तिसऱ्या आठवड्यात गाडीतून उतरेचना. "आय डोन्ट वॉन्ट टू गो एनीमोअर," ती म्हणाली. "आय थिंक आय जस्ट डोन्ट लाइक इट." हे वाक्य मी चांगलं ओळखत होते. ही पोर तिची आवडती गोष्ट सोडत होती, आणि ती नावडती झाली असं स्वतःलाच सांगत होती. मोसम उघडायला नऊ दिवस उरले होते.

म्हातारबुवांना सोमवारी सांगितलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आम्हाला रेंजवर बोलावलं. तिला म्हणाले, तू फक्त नेम धर, भरून मी देतो. तिने नेम धरला, चाप ओढला, आणि नळी खाडकन खाली झुकली, डोळे घट्ट मिटले, खांदा आखडला. पण आवाज झालाच नाही. त्यांनी रायफलीत खोटं काडतूस घातलं होतं. धक्का नव्हताच, तरी पोर दचकली होती. ती लालबुंद झाली. "त्यात तुझी चूक नाही, किडो," ते म्हणाले. "अंग लवकर शिकतं, आणि चुकीचंही तितक्याच लवकर शिकतं." मग माझ्याकडे वळले, आणि टूलरूममध्ये नव्या पोरांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "ही कुणाच्या मापाची घेतलीस?" मी म्हणाले, वडिलांच्या. आणि मग तिथे, कानांवर आवाज अडवणारे ते मोठे मफ लावून, तुमची सगळी कथा सांगितली, गेज, झेंडू, सोड्याची बाटली. त्यांना अर्धी ऐकू आली असेल.

त्यांनी खिशातून दोन रिकाम्या पुंगळ्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. एक थ्री-ओ-एट. दुसरी टू-फॉर्टी-थ्री, हरणासाठी नवशिक्यांना बहुतेक जण हीच देतात, धक्का कितीतरी कमी. मी मापं बघणारी बाई, मला दिसायलाच हवं होतं. बूड तेच. अंग तेच. फक्त गळा आवळून लहान केलेला. "हिचाच गळा आवळून ती बनवली," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांची पुंगळी तिला देच की. पण तिच्या मापाच्या गळ्याची दे." त्यांच्या ट्रकमध्ये त्यांच्या मुलाची जुनी टू-फॉर्टी-थ्री होती, आखूड दस्त्याची. तुमच्या नातीने ती खांद्याला लावली आणि अप्पा, ती बसली. कुणी ढकललं नाही, घडी ठेवली नाही, स्वतःच्या वजनाने जागेवर बसली. पहिल्या दोन गोळ्यांना ती डोळे मिटून दचकली. तिसरीला एकच डोळा मिटला. दहावी कागदावरच्या वर्तुळात गेली. ती वळून म्हणाली, "आई! आय लाइक इट!" म्हातारबुवा सांगतात की मी टाळ्या वाजवल्या आणि रेंजवरच्या माणसाने मला दोन पावलं मागे उभं केलं. मला आठवत नाही. मला फक्त इतकं आठवतं की मी मनात तुम्हाला म्हणत होते, पाहिलंत, उतरली.

शिकारीच्या दिवशी उजाडताना आम्ही तिघं त्या लाकडी खोलीत बसलो, अंगावर कायद्याने लागतात ती भडक नारिंगी जाकिटं. तिचं जाकीट दोन नंबर मोठं होतं, ते मी आधीच घेऊन ठेवलं होतं, माणूस एकदम सुधारत नाही. पहिलं हरीण माझ्यामुळे पळालं. मी पोळी आणि शेंगदाण्याची चटणी फॉइलमध्ये बांधून आणली होती आणि नेमकी तेव्हाच उघडली. म्हातारबुवांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचे दोन तास पोळीचा घास तोंडात धरून बसले. मग वीतभर शिंगांचा एक नर झाडीतून बाहेर आला आणि आडवा उभा राहिला. मी पोरीचा खांदा बघत होते. तो आखडला नाही. आवाज झाला, हरीण चार उड्या मारून पडलं. ती खूप रडली, मग नाक पुसून म्हणाली, "आजोबा हंट करायचे?" मी म्हणाले, "छे गं. घरात उंदीर निघाला तर शेजारच्या काकांना हाक मारायचे." ती रडता रडता हसायला लागली. रविवारी मी आपल्याकडचा काळा मसाला घालून मटणासारखा रस्सा केला. म्हातारबुवांनी तीनदा घेतला आणि घाम पुसत, आपण अजिबात रडत नाही आहोत असं सांगितलं. तिच्या बाबांनी तुकडे बाजूला सारून नुसता रस्सा भातावर ओरपला. त्यावर घरात पुन्हा चर्चा झालेली नाही.

याला दोन वर्षं झाली. ती टू-फॉर्टी-थ्री म्हातारबुवांनी तिलाच देऊन टाकली. त्या दिवशीची रिकामी पुंगळी तिने स्वतःहून तुमच्या फोटोपुढे ठेवली आहे, मी रोज तिच्यावरची धूळ पुसते. पोर आता सोळाची आहे, उंच झाली आहे, आणि मोठी रायफल तिला आता पेलेल असं म्हातारबुवा म्हणतात. तिला नको आहे.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, तेव्हा तुमच्या फोटोमागे खोचून ठेवीन. एक गोष्ट राहिली. वापरलेली रायफल दुकानवाले परत घेत नाहीत, असं मी घरी सांगितलं आहे. मी त्यांना विचारलंच नाही. थ्री-ओ-एट कपाटात कुलपात आहे, आणि महिन्यातून एका शनिवारी मी ती घेऊन एकटी रेंजवर जाते. पाच काडतुसं, जास्त नाही, माझाही खांदा दुखतो. एकेक पितळी काडतूस बोटांनी पुसून सावकाश भरते. बाहेर पडताना नळ आहे आणि वर पाटी आहे, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. माझी लेक ती पाटी न चुकता पाळते. मी गाडीत बसून डबा उघडते, आणि हात न धुता पहिला घास घेते.