जाळीचं पॅनेल

१० नोव्हेंबर १९९७
पॅनेल एकदाचं जमलं. कारखान्यातल्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा प्लगइन लिहितेय, त्यातला हाच भाग छळत होता. पत्रा दाबणाऱ्या प्रेसचं ड्रॉइंग उघडलं आणि हात अडवणारी जाळी त्यात नसेल, तरच स्क्रीनवर पॅनेल दिसतं: 'जाळी कुठे आहे?' असेल तर लपून राहतं. शेजारच्या टेबलावरच्या सलीमभाईंना दाखवलं. जुने ड्राफ्ट्समन, सहसा कौतुक करत नाहीत. म्हणाले, "गरज पडली तरच बोलतं? शहाणं आहे."

१२ नोव्हें.
कोपऱ्यातल्या प्रेसच्या ड्रॉइंगवर पॅनेल उघडतंय. जाळी तर चक्क काढलेली आहे, स.भाईंच्या हातची. अट तपासली. बरोबर आहे. दिसायलाच नको. कॉम्प्युटर बदलला, तेच. चूक माझीच असणार, पण कुठे...

१३ नोव्हें.
दुपारी पॅनेल उघडणारी ओळच काढून टाकली. तरी उघडलं.
स.भाईंनी पेन्सिल कानामागे खोचली. मग, "चल, खाली बघून येऊ."
खालच्या मशीन शॉपमध्ये गेलो. प्रेसला जाळी नाही! भिंतीला टेकवून ठेवलेली. मशीनवर काशिनाथ, देवळाली प्रवऱ्याचा. म्हणाला, "ताई, जाळीनं काम लई हळू हुतं. सायबांनीच काढाया लावली."
प्लगइनला फक्त ड्रॉइंग कळतं. खालचं त्याला कोण सांगणार?
साहेबांशी वाजलं. स.भाई मध्ये पडले म्हणून जाळी लागली. वर येऊन ड्रॉइंग उघडलं. पॅनेल नाही.

१७ नोव्हें.
आज प्रेस आपोआप खाली आली. काशिनाथचा पायही पेडलवर नव्हता. त्याच क्षणी त्याने तुकडा सरळ करायला हात पुढे केला होता, तो जाळीवर आपटला. बोटं खरचटली, तेवढंच.
चहाच्या सुट्टीत वर आला. दारातच उभा. "ताई, तुमाला कसं कळलं?"
"ड्रॉइंगमध्ये दिसलं." खोटं नाही. पण...
भिंगारला घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. "हात वाचला ना त्याचा? मग जेवत का नाहीस?"

२१ नोव्हें.
पॅनेल पुन्हा. या वेळी प्रेसचा संबंधच नाही. नव्या ड्रॉइंग ऑफिसचा नकाशा उघडला होता. टेबलं, खिडक्या, दार. सोमवारी आम्हाला तिकडे हलायचंय.
स.भाई आणि मी जाऊन सगळं पाहिलं. पंखे, वायरी, छत, जिना. स्लॅबवर काठीने ठोकूनसुद्धा पाहिलं त्यांनी. कुठे काही नाही. परत आलो, पॅनेल तसंच.
साहेबांना म्हटलं, थोडे दिवस थांबू. हसले. "मॅडम, प्रोग्रॅम बिघडलाय तुमचा. पुसून टाका."

२२ नोव्हें.
पुसायलाच घेतला होता. स.भाईंनी कीबोर्डवर हात ठेवला. "राहू दे, शुभांगी. निदान विचारतंय तरी."

२४ नोव्हें.
नव्या ऑफिसात सगळे खुशीत. रंगाचा वास, पेढे. साहेबांनी नारळ फोडला. स.भाईंनी न विचारता आपलं टेबल ओढत माझ्याशेजारी आणलं. काम काहीच झालं नाही. दोघंही मधूनमधून वर छताकडे बघत होतो.