कुक आयलंडचा शिक्का

१२ सप्टेंबर २०००, कारंजा (घाडगे)
आजपासून अंकुश कॉइन कलेक्टर. बी.कॉम. अर्धवट सोडलं ते बरंच झालं. नागपूरच्या डीलरकडून पार्सल आलं. कुक आयलंड नावाच्या बेटाचा चांदीचा शिक्का, ऑलिम्पिक स्पेशल. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला हर्डलवरून उडी मारणारा गडी. थेट मीच. एवढंसं बेट, पण शिक्के काढतं. आपल्या तालुक्यात काय निघतं? संत्री आणि खतवाला प्रफुल.
संकल्प: दिवाळीत शिक्का मोहिनीला देणे. शेजारी राहून तिला अजून माझा क्लास कळला नाही.

२० सप्टेंबर
बाबा म्हणाले, हा शिक्का किराण्यात चालते का? दुकानदाराचं डोकं. संतापून तराजू आपटला. मोडला. हलका माल.

३ ऑक्टोबर, सकाळी ९
मोहिनी बसस्टॉपवर भेटली. आज मनातलं सांगणारच होतो. आधी शिक्का समजावला. वीस मिनिटं. हात लावायचा नाही, पुसायचा नाही, नाहीतर किंमत जाते. ती म्हणाली, मंग त्याचं करायचं काय? बस आली. बाकीचं दिवाळीत.

२४ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
अडाणी घर! आईनं माझ्या पेटीतून शिक्का काढला, चिंच-राखेनं घासला, देवात मांडला. राणीला हळदकुंकू. वर डोळ्यांत पाणी, म्हणे पोरानं लक्ष्मी आणली. मी सगळ्यांसमोर ओरडलो, लक्ष्मी नाई, इंग्लंडची राणी आहे ते! अज्ञान मला सहन होत नाही.

२५ ऑक्टोबर
शिक्का देवात नाही. आई म्हणते, इंग्रजाची बाई देवात कायले? ठेवली उचलून, कोणाले द्याले होईन. जागा सांगत नाही.

१२ नोव्हेंबर
मोहिनीचा साखरपुडा. प्रफुलशी! खताचं दुकान, अंगाला युरियाचा वास. मी गेलो नाही. आई ओटी भरून आली. हे मोडणार. फक्त शिक्का सापडू दे.

१० डिसेंबर
लग्न झालं. निषेध म्हणून जेवलो नाही. बुंदी घेतली, तीनदा. घरी आल्यावर आईला पुन्हा शिक्का विचारला. म्हणाली, मोहिनीच्या ओटीत टाकला ना, तुयं नाव सांगूनच देल्ला. तिनं आटवून जोडवी केली. सोनार म्हणे चांदीत खोट आहे. सोनाराला काय कळतं?
मोहिनीचा निरोपही आहे. अंकुशदादाले सांगजा, जोडवी बरोबर बसली.