फुटाचा भाव

४ मार्च, सकाळी ६.१५
आजपासून किचनचं काम मी स्वतः हातात घेतलंय. ओट्याखालच्या कप्प्यातून कुकर काढायला हिला दिवसातून दहा वेळा उकिडवं बसावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी परवा गुडघे तपासून सांगितलं, उकिडवं बसणं बंद. तिथल्या तिथे हिला शब्द दिला: महिन्याभरात ओट्याखाली ड्रॉवर. उभ्या उभ्या ओढायचा, भांडं हजर. ही 'बरं' म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात या 'बरं'चा अर्थ मला नीट लागलेला नाही, पण उत्साह दिसला.
बजेट: ऐंशी हजार. छदामही वर नाही. ऑफिसच्या खरेदी विभागात एकोणीस वर्षं काढलीत. मला कोण गंडवणार?

५ मार्च, दुपारी
सुतार येऊन गेला. कमी बोलणारा माणूस. भाव सांगितला: फुटाला अठराशे. मी दोन मिनिटं नुसता गप्प बसलो. हे माझं ऑफिसातलं हत्यार. समोरचा घाबरतो आणि खाली येतो. तोही गप्प बसला. शेवटी मीच चहा मागवला. भाव अठराशेच ठरला, पण आपली गाठ कोणाशी आहे हे त्याला कळलं असावं.

५ मार्च, संध्याकाळी
ओटा बारा फूट. खाली बारा, वर बारा, झाले चोवीस. गुणिले अठराशे. त्रेचाळीस हजार दोनशे! तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. म्हणजे छत्तीस हजार आठशे वाचले. लोक उगाच किचनच्या नावानं रडतात.
हिने भाजी चिरता चिरता विचारलं, उंची धरली का. मी पाच फूट सहा. त्याचा इथे काय संबंध? शांतपणे समजावलं की कपाटं सुतार लावणार आहे, मी नाही. ती पुन्हा भाजीकडे वळली. पटलं असावं.

८ मार्च, रविवार
मेहुण्याला फोन. त्याच्या किचनला दोन लाख लागले होते. माझा आकडा सांगितला. म्हणाला, पंधरा दिवसांनी बघायला येतो. जळतोय.

९ मार्च
वाचलेले पैसे बँकेत नुसते पडून राहिले तर ते वाचले हे कळणार कसं? मसाजची खुर्ची घेतली. छत्तीस हजार. दुकानदार म्हणाला, विकलेला माल परत घेत नाही. म्हटलं, परत करायला आलोय का? वर आठशे उरले. शिस्त म्हणतात ती ही.
हिला सांगितलं, तुझ्याही गुडघ्यांना उपयोग होईल. खुर्ची मानेपासून फक्त कमरेपर्यंतच थरथरते हे घरी आल्यावर कळलं.

११ मार्च
काम सुरू. वीस हजार आगाऊ दिले. जुने कप्पे फोडले. भांडी ओट्याखाली जमिनीवर मांडलीत. तात्पुरती.
सुताराने विचारलं, ड्रॉवरला चॅनल कुठला लावू? ओट्याखाली टीव्ही ही कल्पना मला पसंत नाही, पण अज्ञान दाखवायचं नसतं. म्हटलं, ज्याचा आवाज कमी तो लाव. तो म्हणाला, मग सॉफ्ट क्लोज, जरा महाग पडेल. बातम्यांचा असावा.
त्याला बजावलं, आधी वरची कपाटं कर. मेहुणा उभा राहून बघणार, नजर जाते तिथून सुरुवात करावी. ही म्हणाली, आधी खालचे ड्रॉवर होऊ देत. म्हटलं, खालचं कुठे पळून जातंय?

१२ मार्च
पहाटे फिरायला जायचा संकल्प. खुर्चीतच डोळा लागला.

१७ मार्च
वरची कपाटं झाली. झकास! हिचा हात पहिल्या फळीपर्यंतच पोचतो. त्यावरच्या फळ्यांचं काय करायचं ते नंतर ठरवू.

१८ मार्च, दुपारी १
सुतार लबाड निघाला. म्हणे, फूट म्हणजे चौरस फूट. लांबी गुणिले उंची. वर बारा दुणे चोवीस, खाली बारा गुणिले अडीच, तीस. एकूण चोपन्न. सत्त्याण्णव हजार दोनशे, चॅनलचे वेगळे. आधी का नाही सांगितलं म्हटलं, तर म्हणाला, साहेब, कपाट काय नुसतं लांब असतं?
दोन मिनिटं गप्प बसलो. या खेपेला हत्यार म्हणून नाही.

१८ मार्च, दुपारी ४
आगाऊ दिलेले धरून वरच्या कपाटांचे त्रेचाळीस हजार दोनशे चुकते केले. म्हणजे माझा आकडा पै न पै बरोबर आला. किचन तेवढं निम्मं आलं. शिल्लक आठशे.
खुर्चीच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदाराने पाटीकडे बोट दाखवलं. सुतार हत्यारं आवरून गेला. पैसे जमले की फोन करा म्हणाला.

२२ मार्च, रविवार
मेहुणा आला. कपाटांची वाहवा केली. मग वाकून ओट्याखाली बघितलं. भांड्यांच्या तीन रांगा. भाऊजी, हे काय, असं विचारलं. म्हटलं, ओपन कन्सेप्ट. जाताना त्याने हिला हळूच विचारलं, गुडघे कसे आहेत? ही म्हणाली, आहेत. मला ऐकू आलं. चपलांच्या रॅकपाशी उगाच काहीतरी शोधत राहिलो.

२३ मार्च
हिने आज तोंड उघडलं. आवाज चढवला नाही, तेच वाईट.
"ड्रॉवर होईपर्यंत खालचं भांडं तुम्ही काढायचं. मी हाक मारीन."
हात्तिच्या! एवढंच ना? मीच ड्रॉवर.

२४ मार्च
कुकर. कढई. मोठं पातेलं. कुकरचं झाकण, ते वेगळ्या रांगेत. पुन्हा कुकर. एकूण चौदा वेळा. ही तोवर मसाजच्या खुर्चीत. ऑफिसला उशीर. साहेबांना खरं कारण सांगितलं नाही.

२८ मार्च
डावा गुडघा वाजतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उकिडवं बसणं बंद. मी विचारलं, मग आमच्या घरात भांडी कोण काढणार? त्यांनी उलट विचारलं, इतके दिवस कोण काढत होतं?

३० मार्च, सकाळी ७.४०
दिवसाला दहा वेळा. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. वर्षं बावीस. गुणाकार मुद्दाम केला नाही.
हिने या बावीस वर्षांत एकदाही तक्रार केली नाही, असं लिहिणार होतो. केली असेल. मी ऐकली नसेल.
हाक आली. कुकर. मागच्या रांगेत आहे.