अर्धी मोटरसायकल

मी, सौ. आश्लेषा शंतनू मोघे, वय चौतीस, राहणार फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी प्रकृती ठणठणीत आहे, डोके ठिकाणावर आहे आणि कोणी दबाव आणलेला नाही. राग आहे, पण तो कायद्याच्या आड येत नसावा.

गुरुवारी आम्ही दोघे मृत्युपत्रांसाठी वकीलबाईंकडे गेलो. त्यापूर्वी माझे पती शंतनू यांनी माझाही फॉर्म भरून ठेवला होता. व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी', मालमत्तेच्या रकान्यात 'काही नाही'. त्या फॉर्मवर मी सही केली नाही आणि करणार नाही. त्याऐवजी हा कागद धरावा.

कलम १. वकीलबाईंनी सांगितले की या राज्यात लग्नानंतरच्या कमाईत बायकोचा अर्धा वाटा असतो, कागदोपत्री नाव कोणाचेही असो. म्हणजे हे टाउनहाउस अर्धे माझे, आणि गॅरेजमधली दोन सिलिंडरची जुनी मोटरसायकलही अर्धी माझी. परतताना शंतनू गाडीत म्हणाला, "टेक्निकली, हं." टेक्निकली का होईना, माझे सगळे अर्धे मी माझी मुलगी सावनी, वय सहा, हिला देते. शंतनूला काही ठेवत नाही. त्याचे कारण कलम ६ मध्ये आहे.

कलम २. माझे फीलर गेज, म्हणजे पोलादी पात्यांचा मापाचा जुडगा, हेही सावनीला. हा मात्र पूर्ण माझा आहे. पुण्याला दुचाकीच्या इंजिनांची चाचणी करणाऱ्या विभागात मी तीन वर्षे होते, तेव्हा पहिल्या पगारातून घेतला. विभागात बाई मी एकटीच. लग्न होऊन इकडे आले तेव्हा सासूबाईंनी बॅगेत हळदीकुंकवाचे करंडे भरले आणि मी त्यांच्याखाली हा सरकवला.

सावनी, व्हॉल्व्हला उघडझाप करताना केसाएवढी मोकळीक लागते. ती मोजून स्क्रू फिरवायचा, याला आपल्याकडे टॅपेट सेट करणे म्हणतात. इंजिन पूर्ण थंड हवे. आदल्या दिवसापासून गाडीला कोणालाही हात लावू देऊ नकोस. पिस्टन सर्वांत वर आणायचा आणि दोन्ही टॅपेट सैल आहेत ना, ते बोटाने हलवून बघायचे. सैल नसतील तर पिस्टन चुकीच्या फेरीत वर आला आहे, इंजिनाला आणखी एक पूर्ण फेरा दे. हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हला आठ शतांश मिलिमीटर, धूर सोडणाऱ्या एक्झॉस्टला दहा. पाते फटीतून सरकताना बोटाला किंचित अडकल्यासारखे वाटले पाहिजे. मग नट आवळ आणि पुन्हा मोज, कारण आवळताना माप हमखास बिघडते. पुण्याच्या माझ्या साहेबांनाही हे माहीत नव्हते. टॅपेट थोडा वाजला तर घाबरू नकोस. अजिबात वाजत नसेल तर तो जास्त घट्ट आहे, आणि घट्ट व्हॉल्व्ह जळतो.

कलम ३. गॅरेजच्या फळीवर गाडीच्या देखभालीची वही आहे. २००२ पासून नऊ वेळा टॅपेट सेट केल्याची नोंद तिच्यात आहे, तारखेसह, शंतनूच्या सुंदर अक्षरात. नऊच्या नऊ वेळा ते काम मी केले. शंतनूने उजेडासाठी बॅटरी धरली, तीही दोनदा फोन आला म्हणून माझ्या दातांत दिली. ऑफिसातल्या लोकांना तो सांगतो की मी घरीच करतो सगळं. त्याने हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा मी शेजारी उभी राहून समोसे वाढत होते आणि हसले. ते हसणे माझी चूक होती, हे इथे कबूल करते.

कलम ४. मी नोकरी का करत नाही, असे कोणी विचारील. मी इथे शंतनूच्या व्हिसाला जोडून आहे आणि माझ्या व्हिसावर काम करायला मनाई आहे. ग्रीन कार्डाचा अर्ज पडून आहे. तो पुढे सरकेपर्यंत शंतनूला नोकरी बदलता येत नाही आणि मला ती धरता येत नाही. एकदा कोपऱ्यावरच्या मोटरसायकलच्या दुकानात गेले होते. पगार नको, नुसते हात लावू द्या म्हटले. मालक भला माणूस, पण म्हणाला की फुकट काम करून घेतले तरी तो अडचणीत येईल. घरी येऊन मी कणीक मळली आणि रडले. सात वर्षे झाली. पुण्याला परत जायचे तर सावनीचे आणि शंतनूचे काय, इथवर विचार येतो आणि थांबतो.

कलम ५. माझी नणंद प्रतिमा, राहणार एडिसन. आम्हा दोघांचे काही बरेवाईट झाले तर सावनी तिच्याकडे जाईल. प्रतिमा प्रेमळ आहे, पण दर फोनवर "दिवसभर करतेस तरी काय गं?" असे विचारते. सावनीच्या नखांत तेल गेले म्हणून तिने ओरडू नये, एवढीच अट. माझ्या पैठण्या तिला द्याव्यात.

कलम ६. आज दहा वाजता शंतनूच्या ऑफिसातले सहाजण टॅपेट कसे सेट करतात ते बघायला येणार आहेत. त्यानेच बोलावले. परवा जेवताना म्हणाला, "आशू, प्लीज यार, तू सकाळीच करून ठेव. कव्हर जस्ट लूज ठेव, मी ओपन करून दाखवतो. डेमो मी मॅनेज करतो."

तिथेच मी सावनीला विचारले, "बाळा, आपली बाइक कोण दुरुस्त करतं?"

ती म्हणाली, "डॅडी. यू जस्ट क्लीन इट, आई."

हे ऐकून मला जे वाटले, ते नवऱ्याने सहाजणांना काहीही सांगितले तरी वाटले नसते. माझी मुलगी मला ओळखत नाही.

चारही टॅपेट मी सकाळी सेट केले आहेत. कव्हर बसवलेले नाही. काम आधीच झाले आहे, हे येणाऱ्या कोणालाही दिसेल.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला इथे साक्षीदार लागतातच असे नाही. मला ते हवे आहेत. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून शंतनूला मी एक चमचाही ठेवलेला नाही. आता त्याला सही करायला काही अडचण नाही. माझ्या व्हिसापासून सावनीच्या शाळेपर्यंत सगळीकडे त्याचीच सही चालते. ही एक मला कलम ३ खरे आहे यासाठी हवी आहे, लोक यायच्या आत, आणि सावनी मोठी झाल्यावर तिला वाचता येईल अशी.

स्थळ: फ्रीमाँट, घराचे गॅरेज
दिनांक: रविवार, ८ ऑक्टोबर २००६

मृत्युपत्र करणार:
आश्लेषा शंतनू मोघे

साक्षीदार १:
हेमचंद्र दाबके, शेजारी, निवृत्त अभियंता.
सगळे वाचले. आमच्या स्वयंपाकघरातून हे गॅरेज दिसते. काम करताना मी नेहमी आश्लेषालाच पाहिले आहे.

साक्षीदार २:
आशू, पेन्सिलनेच लिहितोय. वाचलं. सगळं खरं आहे. पण आता पंधरा मिनिटांत ते लोक येतील. उद्या सही केली तर चालेल का? कव्हर तेवढं बसव ना. प्लीज.
शंतनू

नाही. पेन इंजिनाजवळ ठेवले आहे.
आश्लेषा