मीच आहे गं

३ मार्च
आले बाई एकदाची! दोन खोल्या, एक खिडकी आणि खिडकीत भरपूर ऊन. घर माझं एकटीचं, पत्ता फक्त ताईला ठाऊक. चष्म्याच्या दुकानात कामही मिळालं. मालकीणबाईंनी पहिला धडा दिला: काच कोरड्या फडक्यानं पुसायची नाही, ओरखडे पडतात. घरी येऊन स्वतःचा चष्मा ओल्या फडक्यानं पुसला. जग जरा बरं दिसलं.

५ मार्च
ताईनं फोनवरून हुकूम सोडला, सगळे पासवर्ड आजच्या आज बदल. घटस्फोटाच्या कागदावर सही झाली म्हणून तो तुला सोडेल, या भ्रमात राहू नकोस म्हणाली. बदलले. लोकेशन बंद केलं, त्याला सगळीकडून ब्लॉक केलं. त्यानं पिरगळलेलं मनगट अजून ठणकतं, तरी भांडी घासताना चक्क गुणगुणले.

९ मार्च
मेल उघडेना. पासवर्ड कुणीतरी बदललाय. ताई म्हणे, तूच विसरली असशील, जन्माची वेंधळी! पासवर्ड विसरल्यावर विचारतात त्या ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं देऊन आत शिरले: पहिली शाळा कोणती, मांजरीचं नाव काय, लहानपणी कशाची भीती वाटायची.

१२ मार्च
पुन्हा तेच. दुकानात काच पुसता पुसता डोक्यात लख्ख उजेड पडला आणि काच हातातून सुटली.

त्यानं पासवर्डबिसवर्ड काही फोडला नाही. नुसती उत्तरं दिली. शाळा, मांजर, सगळं मीच सांगितलेलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून. लहानपणी घरात एकटी असताना बाहेरून कुणी कडी वाजवली की मी पलंगाखाली शिरायचे. हे ऐकून त्याचे डोळे भरून आले होते. तेव्हापासून कडीला हात लावण्याआधी तो बाहेरून एकदा खोकायचा आणि म्हणायचा, मीच आहे गं. भांडणाच्या दिवसांतही चुकला नाही.

इतकं मन लावून माझं कुणीच ऐकलं नव्हतं. खूप रडले.

१३ मार्च
उत्तरं बदलली. सगळी खोटी. मांजरीलासुद्धा परकं केलं.
पण घरमालकांनी पाठवलेला भाडेकरार त्याच मेलमध्ये — मी उघडलाच नव्हता. उघडलेला दिसतोय.

१४ मार्च
कामावर गेले नाही. पोलिसांना कळवलं. ताई निघालीय. दाराला टेबल लावलं.

संध्याकाळ
जिन्यात पावलं. ताईच — नाही, ताई खालूनच हाका मारत येते.
पावलं दाराशी थांबली.
कडी वाजत नाही —
खोकला. एकदाच.
आता म्हणेल —