मांडीचा घेर

३ फेब्रुवारी, सोमवार
अतिदक्षता विभागात व्यायामोपचाराची नोकरी, पहिला दिवस! सिस्टरांनी चहा पाजून आपलंसं करून घेतलं. माझी पहिली पेशंट शिवणकाम करणारी. चोवीस दिवस श्वासाच्या यंत्रावर होती. यंत्र सुटलं, पण पायांत त्राण नाही. हत्ती गेला, शेपूट राहिलंय. आहारतज्ज्ञ बाई नळीतून प्रथिनं वाढवणार, मी तिला चालवणार. तिची मांडी टेपने मोजली, चौतीस सेंटिमीटर. धीर यावा म्हणून तिच्याच तक्त्यावर शेजारी माझीही लिहिली, एक्कावन्न, आणि म्हटलं, इथवर पोचायचंय. ती म्हणाली, टेप कशाला, मी नुसत्या नजरेनं सांगितलं असतं. घरी तिची सहा वर्षांची लेक वाट बघतेय.

७ फेब्रुवारी
माझ्या खांद्यांवर हात ठेवून ती पाच पावलं चालली. मी उलटी चालत आकडे मोजत होते. मांडी अडतीस! आहारतज्ज्ञ बाई हरखल्या, म्हणाल्या, आधी पोटोबा हेच खरं. माझी पँट मात्र कमरेत ढिली झालीय. नव्या नोकरीची दगदग, दुसरं काय.

११ फेब्रुवारी
ती त्रेचाळीस. मी बेचाळीस. तिनेच आधी ओळखलं. माझ्या पायांकडे बघत राहिली, मग म्हणाली, ताई, तुमचं माप माझ्याकडे येतंय, आता पुरे. मी हसण्यावारी नेलं. डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं. सगळं ठीक आहे म्हणे.

१३ फेब्रुवारी
दोन दिवस तिला हात लावला नाही, सिस्टरांनी चालवलं. मी पंचेचाळीस. ती चाळीस, आणि पुन्हा धाप, पुन्हा ऑक्सिजन. लेक काचेबाहेरून विचारत होती, आई उभी का राहत नाही. मला जिवाची भीती वाटते. पण त्या पोरीकडे बघवत नाही.

१४ फेब्रुवारी
पुन्हा खांदे दिले. ती नको नको म्हणत रडली. मीही रडले. बारा पावलं.

१९ फेब्रुवारी
काल चालवताना माझेच पाय गेले. तिच्या शेजारच्या खाटेवर आहे. ती एक्कावन्न, मी चौतीस. उद्या ती घरी जाणार. आनंद झालाय. खरंच झालाय.

२१ फेब्रुवारी
माझ्या घशात नळी. बोलता येत नाही. ती घरून परत आली — माझे हात उचलून आपल्या खांद्यांवर ठेवले — उभं केलं. ढकलायला जोर कुठला. मांडीत ऊब आली. बरं वाटलं. देवा, किती बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी
मी अडतीस. ती दारातच अडखळली. सिस्टर म्हणतात, अशी माया करणारी पेशंट पाहिली नाही. तिला थांबवा — हे पान कुणीतरी तिला —

२४
आली. लेकीचं बोट सोडवतेय. पोरगी सोडत नाही. मला नको म्हणायचंय, पण माझेच हात तिच्या खांद्यांकडे